डिझेलच्या टाकीचं कुलूप

गाडी ॲव्हरेज देत नाही, असं सांगत जो माणूस दुकानात येतो, तो कोणावरचा तरी संशय सोबत घेऊनच येतो. पंपवाला माप मारतो, मागच्या मिस्त्रीने काम बिघडवलं, ड्रायव्हर डिझेल विकतो. गाडीवरच संशय घेणारे मी थोडे पाहिले. स्वतःवर घेणारा एकही नाही.

मेहकरला आमचं पंप-नोझलचं दुकान होतं. या अंकाच्या संपादकांचा निरोप आला की, काकू, बाईमाणूस असून तुम्ही या धंद्यात कशा आल्या ते लिहा. त्याचं उत्तर एका ओळीचं आहे. नवऱ्याचे हात थरथरायला लागले आणि माझे थरथरत नव्हते. त्यावर कोणाला काही मोठं लिहायचं असेल तर लिहावं. मी चौथी शिकले आहे, मला त्यात लिहिण्यासारखं काही दिसत नाही. कामाबद्दल मात्र लिहिते.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पंप डिझेलला जोरात ढकलतो आणि नोझल ते आत फवारतं. नोझल म्हणजे बोटाएवढी लोखंडी नळी, तिच्यात सुई, आणि टोकाला डोळ्याला दिसेल न दिसेल अशी भोकं. ज्या बायकांनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवला आहे त्यांना मी हे एका मिनिटात समजावू शकते. स्टोव्हचं भोक साफ असलं की निळी ज्योत, बिघडलं की पिवळी ज्योत आणि काळं पातेलं. नोझलचंही तेच. डिझेल धुक्यासारखं उडालं पाहिजे. धार लागली की अर्धं जळतं, अर्धं धूर होऊन मागून जातं, आणि मालक म्हणतो ॲव्हरेज गेला.

माझ्या टेबलावर हाताने दाबायचं एक यंत्र होतं, टेस्टर म्हणतात त्याला. नोझल त्याला जोडायचं आणि दांडा दाबायचा. चांगलं नोझल दांडा दाबला की कबुतरासारखं घुमतं. खराब नोझल काही बोलत नाही, नुसतं गळतं. आमचे हे बाहेर खुर्चीवर बसून पेपर वाचायचे आणि आवाज ऐकून तिथूनच सांगायचे, "तिसरं गेलं पाह्य." मला दिसत होतंच. तरी त्यांना सांगू द्यायची. कारागिराच्या हातातलं काम गेलं की निदान कान तरी कामाला लागू द्यावे.

बीटी कापूस आला तेव्हा आमचा धंदा वाढला. ते बियाणं आलं आणि पहिली काही सालं कापूस असा फुटला की बैलगाड्यांना आवरेना. मग खेड्याखेड्यात पिकअप आल्या. ज्याने आयुष्यात सायकलच्या पुढे काही चालवलं नव्हतं तो गाडीमालक झाला. मागच्या हौद्याला चारी बाजूंनी बल्ल्या बांधायच्या, ताडपत्री लावायची, आणि गाडीच्या उंचीच्या दुप्पट कापूस भरायचा. पायाने तुडवून तुडवून भरायचा. रस्त्याने जाताना गाडी दिसायचीच नाही, पांढरा डोंगर चालल्यासारखा दिसायचा. त्या बल्ल्या आणि ताडपत्री रिकामी येतानाही तशीच फडफडत असायची. मी सांगायची, "अरे, ते सोड, वारा धरतं, डिझेल खातं." ते म्हणायचे, "काकू, उद्या पुन्हा बांधाच लागते." मग कशाला विचारता?

एक गिऱ्हाईक सोनाळ्याचं होतं. इकडे बहिणीकडे आलं होतं. त्याची तक्रार हीच. नोझल काढले, चांगले. ब्रेक चिकटत नव्हता, क्लच घसरत नव्हता. मी गाडीभोवती एक चक्कर मारली तर चाकं काही मापात दिसेनात. शेतातल्या चाकोरीत गाडी घासू नये म्हणून त्याने मोठे टायर टाकले होते. मीटर किलोमीटर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त जाते आणि मीटरला ते कळत नाही. मी त्याला म्हटलं, "तुझी गाडी ॲव्हरेज देते. ती जास्त चालते आणि कमी सांगते."

तो म्हणाला, "मंग मीटरले सांगा ना जास्त सांगाले!"

असे लोक भेटायचे. मला माझं काम आवडत होतं. दुसऱ्या कोणत्या कामात मला इतकं हसायला मिळालं असतं असं वाटत नाही.

पण सांगायची आहे ती गोष्ट सलीमची.

सलीम हा मेहकरचा मुलगा, डोणगावजवळच्या एका खेड्यातल्या सुधाकरच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. सुधाकर शेतकरी, आणि बीटीच्या चांगल्या सालात त्याने ही गाडी घेतली. मालक आणि ड्रायव्हर असं ते नव्हतंच खरं तर. दोघं डोणगावच्या शाळेत एका बाकावर होते, सलीमचं आजोळ तिथलं. पुढे गाडी आली तेव्हा सुधाकरला चालवता येत नव्हती आणि सलीमला येत होती, एवढाच हिशोब. माल सकाळी लवकर मेहकरहून उचलायचा असायचा, म्हणून गाडी सलीमच्या दारात मुक्कामी राहायची.

मग ती गुलाबी बोंडअळी आली. जी येणार नाही म्हणून बियाणं घेतलं होतं तीच आली. बाहेरून हिरवीगार बोंडं आणि फोडलं की आत अळी. त्या सालात लोकांनी उभ्या कापसात ढोरं घातली. सुधाकरचंही तेच झालं. त्याच्या घरात कमावणारी एकच वस्तू राहिली, ती म्हणजे ही पिकअप. शेत हाताबाहेर गेलं की माणूस जे हातात आहे ते फार बारकाईने पाहायला लागतो. सुधाकर डिझेलचा काटा पाहायला लागला.

काटा लवकर खाली येत होता हे खरं होतं. दिवाळीपासून ॲव्हरेज हळूहळू उतरत गेला होता. गावातल्या दोन मिस्त्र्यांनी गाडी पाहिली आणि काही नाही म्हणून परत दिली. माझ्याकडे आली तेव्हा मी नोझल काढले, साफ केले, सुया बसवल्या. आठ-पंधरा दिवस बरी चालली असं म्हणाले, मग पुन्हा तेच.

पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा डिझेलच्या टाकीच्या झाकणाला कुलूप होतं.

टाकी बाहेरून दिसते. झाकणाला कडी जोडून घेतलेली आणि तिला पितळी कुलूप, घराच्या दाराला लावतात तसलं. ते काय आहे हे रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळेल. ड्रायव्हरला चोर म्हणायचं असेल तर यापेक्षा मोठी पाटी लावता येत नाही. आणि सुधाकरने ते लावलं ते डोणगावच्या रस्त्यावरच्या पंपावर, भर रांगेत, चार गाडीवाले पाहत असताना. किल्ली सुधाकरच्या कमरेच्या करगोट्याला. डिझेल भरायचं असलं की सलीमने फोन करायचा, सुधाकरने मोटारसायकलवर यायचं.

कुलूप लावूनही ॲव्हरेज वाढला नाही. शहाण्या माणसाला एवढ्यावर कळायला पाहिजे होतं. पण संशय हा तसा अडत नाही. सुधाकर म्हणायला लागला, "हा खालून पाइप काढत असीन."

त्या दिवशी दोघंही आले. सुधाकर पुढे, सलीम मागे, गाडीच्या दाराला हात लावून उभा.

सुधाकर म्हणाला, "काकू, मांगच्या टायमाले तुमीच नोझल बसोले ना?"

"मीच बसवले."

"चांगले होते?"

"माझ्या हाताखालून गेलेलं नोझल चांगलंच असतं."

"मंग बस. गाडीत खोट नाई, एवढं याच्या तोंडावर सांगा. बाकी मी पाहून घेतो."

मी सलीमकडे पाहिलं. तो चाळिशीचा माणूस, पण तेव्हा मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता. म्हणाला, "काकू, मी कुराणावर हात ठेवाले तयार हाये. हा ऐकत नाई."

"तू त्याले हात नको लावू बे," सुधाकर म्हणाला. "आधी टाकीले लावतेस ते सांग."

प्रकरण काय होतं ते आता सगळ्यांच्या ध्यानात आलं असेल. मी माझं काम चांगलं म्हटलं की सलीम चोर ठरत होता. मेहकरात एकदा डिझेलचोर म्हणून नाव झालं की त्या माणसाला कोणी स्टिअरिंगला हात लावू देत नाही. आणि माझं काम चांगलंच होतं. ते वाईट म्हणून कोणाला वाचवण्यातली मी नाही.

मी म्हटलं, "नोझल काढल्याशिवाय मी कोणाच्या तोंडावर काही सांगत नाही. बाहेर बसा दोघं. लांब लांब बसा."

नोझल काढले. टेस्टरला लावले तर सगळे घुमले. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "अवं, हे तं सारे चांगले हायेत!" मी मनात म्हटलं, तुम्ही आज गप्प बसा.

पण नोझलची टोकं काळी होती. ओली काळी नव्हे. नोझल गळत असलं की टोक ओलं, चिकट काळं होतं. हे कोरडं होतं, कंदिलाच्या काचेवर धरते तशी काजळी. बोटाने पुसली की निघत होती. म्हणजे डिझेल बरोबर येत होतं, धुकंही होत होतं, पण जाळायला वारा पुरत नव्हता. चुलीत लाकूड वाळलेलं आहे, पण फुंकणारं कोणी नाही.

मी बाहेर येऊन म्हटलं, "हिला हवा मिळत नाही."

सुधाकर उसळला. "हवेचं फिल्टर दोघा मिस्त्र्याईनं पाह्यलं काकू! नवं कोरं हाये. आनतो का काढून?"

"आण."

त्याने स्वतः बॉनेट उघडून फिल्टर काढून आणलं. कागदाच्या घड्या घातलेलं असतं ते, गोल. माझ्या हातात दिलं. "पाहा. दूध. कुठं हाये कचरा?"

खरंच पांढरं होतं. मी ते फिरवून फिरवून पाहिलं. घड्यांत धुळीचा कण नाही.

"हे बदललं कधी?" मी विचारलं.

सलीम म्हणाला, "दिवाळीच्या पह्यले टाकलं होतं. सीजनच्या सुरुवातीले."

"आणि मधे झटकलं?"

"नाई. मिस्त्री म्हने साफच हाये, काऊन झटकता."

मी फिल्टर सुधाकरला परत दिलं आणि दोघांना जवळ बोलावलं. म्हटलं, "ही गाडी कापूस वाहते. जिनिंगच्या आवारात दिवस दिवस उभी राहते. तिथं माणसाच्या पापण्यांवर कापूस बसतो. सीजन संपत आला आणि तिचं फिल्टर दुधासारखं पांढरं? घरात वर्षभर चूल पेटली आणि भिंत काळी झाली नाही, असं कोणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल?"

मग सलीम हळूच म्हणाला, "म्हनजे घरात चूल पेटलीच नाई."

"हो. याच्यापर्यंत वारा आलाच नाही धड. याच्या आधीच कुठं तरी गाळला जातोय. आता हिचं नाक शोधा."

त्या गाडीला फिल्टरच्या डब्यापासून एक रबरी पाइप निघतो आणि पुढच्या दिव्याच्या मागे, खाली वळून त्याचं तोंड असतं. वरून दिसत नाही. सलीम गाडीखाली झोपला, हात वर घातला, आणि म्हणाला, "काकू, इथं काही तरी नरम हाये."

त्याने ओढून काढलं ते मी आधी मेलेला उंदीर समजले. राखाडी, जाड, नमद्यासारखं. फडक्याची पिशवी होती, पाइपच्या तोंडावर चढवून सुतळीने घट्ट बांधलेली. तिच्यावर सीजनभराचा कापूस बसला होता, रात्रीच्या दवाने ओला होऊन, पुन्हा वाळून, पुन्हा बसून. हातात घेतली तर चटईचा तुकडा धरल्यासारखं वाटलं. यातून गाडी इतके दिवस श्वास कसा घेत होती देव जाणे.

सुधाकर ओरडला, "हे कोनं बांधलं?"

सलीमने पिशवी उलटी केली. आतल्या बाजूला शिवण होती, लांब लांब टाक्यांची, सरळ, एका रेषेत. तो शिवणीकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा कसा बदलला ते मी पाहिलं, सुधाकरने नाही.

"मीच बांधलं," सलीम म्हणाला.

"तू? काऊन बे?"

"बांधलं. चूक झाली."

"म्हनजे जानून गाडी खराब केली तू!"

मला खोटं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो, आणि वाईट खोटं बोलणाऱ्याचा जास्त. मी म्हटलं, "सलीम, आत्ता तू खाली झोपून म्हणालास, इथं काही तरी नरम आहे. स्वतः बांधलेलं माणूस असं चाचपडत शोधत नाही. कोणाची शिवण आहे ही?"

त्याने शिवण आत करून पिशवी खाली ठेवली. पण मलाही डोळे होते. असे लांब सरळ टाके मेहकरात एकच माणूस घालत होता. माझ्या घरातल्या तीन गाद्यांवर ते टाके आहेत.

मी फडकं उचललं आणि चालायला लागले. दुकान ह्यांच्या भरवशावर सोडलं. माझ्यामागे सुधाकर आणि त्याच्यामागे सलीम, "काकू, राहू द्या ना, काकू" म्हणत.

सलीमचे वडील महेबूबचाचा पिंजारी. अर्ध्या मेहकराच्या गाद्या-उशा त्यांनी भरलेल्या. धनुकली खांद्यावर घेऊन दारोदार जायचे, जुना कापूस पिंजून द्यायचे. नंतर यंत्रं आली आणि छातीही गेली. पिंजाऱ्याच्या छातीत किती कापूस जातो ते त्याच्या खोकल्यावरून कळतं. तोंडाला फडकं बांधून पिंजायचे, तरी जायचाच. आता ते दिवसभर गल्लीत बाजेवर बसलेले असायचे आणि दोन वाक्यांत एकदा थांबून दम घ्यायचे.

मी ते फडकं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "सुटलं का? गाठ तं पक्की मारली होती मी."

सलीम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी विचारलं, "चाचा, हे तुम्ही बांधलं?"

"हाव. मीच. सलीम दुपारचा जेवाले आलता, गाडी चालूच ठेवून. म्या पाह्यलं, सारी गाडी कापसानं माखून गेलती. म्या म्हनलं, हे बी कापूस ओढत असीन आत." दम घेतला. "माह्या तोंडाले बांधत होतो तसलंच फडकं, नवं घेऊन, पिशवी शिवली."

"पण तुम्हाला कळलं कसं, कुठं बांधायचं?"

"त्याच्यात काय? इंजन चालू होतं. हात फिरोला. जिथं हाताले ओढलं, तिथं तिचं नाक."

मी या धंद्यात इतकी वर्षं घातली आणि दोन मिस्त्र्यांना जे तोंड दिसलं नाही ते या माणसाने हाताने शोधलं होतं. मला राग यायला पाहिजे होता, तो येईना.

"सलीमले काऊन नाई सांगतलं?" सुधाकरने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

"त्याले सांगतलं असतं तं म्हनला असता, अब्बा, तुमी गाडीले हात नका लावू." चाचा हसले आणि खोकले. मग आम्हा तिघांकडे नीट पाहून म्हणाले, "पन झालं काय? तुमी सारे काऊन आले?"

मग मी सांगितलं. हवा कोंडली, गाडी डिझेल जास्त खायला लागली, ते डिझेल सलीम विकतो असं सुधाकरला वाटलं, म्हणून टाकीला कुलूप. सरळ सांगितलं. म्हाताऱ्या माणसांशी गोल गोल बोललेलं त्यांना कळत नाही असं नाही, त्यांना कमीपणा वाटतो.

चाचा सलीमला म्हणाले, "तू तं म्हनला होता, आता नव्या गाड्याईले कुलूप कंपनीतूनच येते."

सलीम भिंतीशीच म्हणाला, "मंग काय सांगू तुमाले?"

सुधाकर बाजेजवळ खाली बसला. जमिनीवरच, उकिडवा. मग करगोट्याची किल्ली सोडून सलीमपुढे धरली. "घे. काढून टाक."

सलीमने हात पुढे केला नाही. "मी नाई काढत. ज्यानं लावलं त्यानं काढा. आन जिथं लावलं तिथंच काढा."

मला ते पटलं. सुधाकरलाही पटलं असावं, कारण तो हुज्जत घालणारा माणूस, पण तेव्हा घातली नाही.

आम्ही निघालो तेव्हा चाचांनी मला थांबवलं. "बाई, पन आता तिच्या छातीत कापूस जाईन ना?"

सुधाकरच्या हातात ते फिल्टर अजून तसंच होतं, येताना ठेवायचं राहून गेलं होतं. मी ते घेऊन चाचांच्या मांडीवर ठेवलं. सांगितलं, तिच्या आत हे आहे, कापूस यातच अडकतो, सीजनमधे अधूनमधे काढून झटकायचं आणि मग बदलायचं. त्यांनी घड्यांवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, माल पारखतात तसं. उजेडाकडे धरून पाहिलं. मग म्हणाले, "चांगलं केलं हाये. आमच्या नाकाले असं कोनं करून नाई देल्लं."

मी फिल्टर उचललं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोझल बसवून गाडी तयार झाली. दुरुस्तीनंतर गाडी चालवून पाहावीच लागते, म्हणून मी पण बसले. खरं सांगायचं तर ट्रायलला सलीम एकटा गेला असता तरी चाललं असतं. मला पंपावर जायचं होतं. मधे मी, एका बाजूला सलीम, दुसऱ्या बाजूला सुधाकर. डोणगाव रस्त्याच्या चढावर सलीमने गिअर न बदलता गाडी वर घेतली आणि आरशात मागे पाहिलं. धूर नव्हता. "पाह्यलं का काकू," तो म्हणाला, "शीळ घालत चढली."

पंपावर कापसाच्या गाड्यांची रांग होती. तेच गाडीवाले, थोडेफार. सुधाकर खाली उतरला. किल्ली लावली तर कुलूप उघडेना, धूळ बसली होती. मागच्या गाडीतून कोणी तरी ओरडलं, "काय सुधाकरभाऊ, आज स्वतःच चोरता काय?"

सगळे हसले. सुधाकर कुलूप ओढत राहिला, कानापर्यंत लाल झाला. उघडलं तेव्हा वळला आणि म्हणाला, आणि हळू नाही म्हणाला, "याच जागी मी सलीमले चोर म्हनलो होतो. थो चोर नाई. गाडीच्या नाकात बोळा होता. आन माह्या डोक्यात बी." मग त्याने गाडीतून ती राखाडी पिशवी काढून दाखवली. ती हातोहात फिरली. प्रत्येकाने वास घेऊन पाहिला, का ते मला माहीत नाही. त्यातले दोघं तिथल्या तिथे स्वतःच्या गाडीखाली वाकले. एकाच्या गाडीतून बायकोची ओढणी निघाली. तो म्हणाला, "अबे, म्या तं स्वतःच बांधली होती!" मग जे हसणं झालं त्यात सुधाकरची गोष्ट मागे पडली. बरं झालं.

सलीम खाली उतरलाच नव्हता. सुधाकरने कुलूप त्याच्या खिडकीत ठेवलं. "आता याचं काय करू?"

सलीमने ते हातात घेऊन वजन पाहिलं. "काकूच्या हत्याराच्या पेटीले कुलूप नाई," तो म्हणाला. "त्याईले देऊन टाका." मग पंपवाल्याला म्हणाला, "भर बे, फुल."

ते दोघं नंतरही ती गाडी चालवत राहिले. पुढे सुधाकरने कापूस सोडून सोयाबीन धरलं, गाडीला ताडपत्री लागेनाशी झाली. सीजनला मात्र सलीम न सांगता फिल्टर घेऊन यायचा, चाचांना दाखवून आणलेलं. "अब्बा म्हन्ते, अजून महिना चालते." चाचांचा अंदाज बरोबर असायचा. ते आता नाहीत.

माझं दुकानही आता नाही. नव्या गाड्यांचे नोझल हाताच्या टेस्टरवर घुमत नाहीत, त्यांना कॉम्प्युटर लागतो. तो मी शिकले नाही. शिकता आला असता असं कधी कधी वाटतं. वय झालं म्हणून सोडलं असं लोकांना सांगते, ते पूर्ण खरं नाही. कंटाळा केला. पण जेवढं केलं तेवढं चांगलं केलं आणि त्याचा मला आनंद आहे. अजूनही कोणी घरी येऊन म्हणतं, काकू, गाडी ॲव्हरेज देत नाही, तर मी आधी एवढंच म्हणते की, फिल्टर काढून आण. काळं असलं तर चिंता नको. पांढरं असलं तर बस, बोलू.

टेस्टर विकून टाकला. हत्याराची पेटी ठेवली आहे, तिच्या कडीला ते पितळी कुलूप आहे. किल्ली सुधाकरच्या करगोट्यालाच राहिली, मी मागितली नाही. कुलूप नुसतं अडकवून ठेवते. दाबत नाही.